चाळिशीचे चार किलो आणि पाव मिलिग्रॅम औषध

दिवाळीच्या अंकात वजनावर लेख लिहावयाचा म्हणजे लग्नाच्या मांडवात उभे राहून काटकसरीवर व्याख्यान देण्यासारखे आहे. वाचकाच्या एका हाती अंक असतो, दुसऱ्या हाती करंजी असते, आणि अशा वेळी कुणी कंबरेच्या घेराची गोष्ट काढावी हे शिष्टसंमत नव्हे. तेव्हा आरंभीच अभयदान देऊन टाकते. या लेखात फराळाविरुद्ध एक अक्षरही नाही. वर्षातून चार दिवस खाल्लेल्या चकलीने कुणाचा घेर वाढत नाही. तो वाढतो उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांत, आणि इतक्या चोरपावलांनी की जुना ब्लाउज कपाटातून काढीपर्यंत पत्ता लागत नाही.

मला लिहावयाचे आहे ते त्या इंजेक्शनाबद्दल. होय, तेच. हल्ली स्टाफरूममध्ये, लोकलच्या डब्यात, भिशीच्या बैठकीत आवाज जरा खाली आणून ज्याच्याविषयी बोलले जाते ते. दोन-तीन वर्षांमागे हे औषध फार स्थूल माणसांचे किंवा मधुमेह्यांचे मानले जाई. आता ज्यांचे वजन चाळिशी-पन्नाशीत पाच-सात किलोंनीच वाढले आहे अशी माणसेही ते घेऊ लागली आहेत, आणि विचारले तर म्हणतात, “अगदी थोडेसेच घेते हो, सगळ्यांत लहान डोस.” हा ‘थोडेसेच’ शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. मराठी माणूस चहाही थोडासाच घेतो, आणि भातही.

भाषा शिकवणे हा माझा धंदा असल्याने एक गोष्ट येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. वजनाच्या बाबतीत आपल्या भाषेने आपल्याला फार फसवले आहे. कुणी जाड झाले की आपण म्हणतो, ‘तब्येत सुधारली.’ बारीक झाले की ‘तब्येत उतरली’. ज्याचे समाजात वजन असते तो मोठा माणूस आणि ज्याचे नसते तो हलका! खात्यापित्या घरची, अंगाने भरलेली, बाळसेदार. सारे शब्द कौतुकाचेच. ज्या मुलखाने दुष्काळ पाहिले त्या मुलखाची भाषा अशीच असणार. पण या शब्दांच्या आडोशाला एक नवा प्रश्न दडून बसला आहे, आणि त्याचा शोध लागला तो आपल्याच पुण्यात.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे आसपासच्या खेड्यांतील माता आणि बालके यांचा अभ्यास केला. पुण्याकडची नवजात बालके इंग्लंडातील साउदम्पटनच्या बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी भरत, सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५. पण या किडकिडीत दिसणाऱ्या बाळांच्या अंगातील चरबी त्या मानाने मुळीच कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. बाहेरून बारीक, आतून चरबीदार. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी एक मजेदार छायाचित्र छापले. त्यात एक स्वतः डॉ. याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बी. एम. आय., म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा अंक, हुबेहूब सारखा, २२.३. आणि अंगातील चरबी? युडकिनसाहेबांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! दोन सडपातळ गृहस्थ शेजारी शेजारी उभे आहेत आणि एकाच्या अंगात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी आहे, हे काट्यावर उभे राहून कुणाला कधी कळले नसते.

म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून आपल्यासाठी निराळी मोजपट्टी ठरवली. पाश्चात्त्य देशांत २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० च्या पुढे स्थूलपणा. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलपणा. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर, त्याच्या आत असावा. शिंपी वापरतो ती फीत घरात असेल तर हा हिशेब दोन मिनिटांचा आहे. पोट आत ओढून धरू नये, एवढेच पथ्य.

आता चाळिशीत वजन वाढते ते का? ‘वय झाले, शरीराचा चुलाच मंदावला,’ असे आपण सर्रास म्हणतो. २०२१ साली अमेरिकेतील हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक माणसांची, तान्ह्या बाळांपासून नव्वदी ओलांडलेल्यांपर्यंत, शरीराची ऊर्जा कशी खर्च होते याची मोजणी प्रसिद्ध केली. शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर असतो! म्हणजे चुला बिचारा निर्दोष आहे. बदलते ते बाकीचे. बसणे वाढते, झोप कमी होते, स्नायू हळूहळू झडतात, आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळी जाण्याच्या सुमारास चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे मुक्काम हलवते. पोटातली चरबी ही यकृताच्या शेजारीण आहे, आणि वाईट शेजारीण आहे. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या साऱ्या कुरबुरी तिथूनच सुरू होतात.

येथवर जे लिहिले ते माझ्या मोठ्या जाऊबाईंमुळे मला वाचावे लागले. त्या सत्तेचाळीस वर्षांच्या, बँकेत नोकरीला. उंची पाच फूट एक इंच, लग्नात ५२ किलो, गेल्या वर्षी ६४. डोळ्यांना जाड मुळीच दिसत नाहीत. आमच्या सासूबाईंच्या मते तर ‘आत्ता कुठे अंगावर मांस आले’. परंतु घेर ८९ सेंटिमीटर, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१. हा आकडा ५.७ ते ६.४ यांच्या दरम्यान असला की मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असे समजतात. जाऊबाईंच्या आईने मधुमेहापायी एका डोळ्याची दृष्टी गमावली. त्यामुळे त्यांना ६.१ हा नुसता आकडा वाटेना. रात्री झोप येईना.

त्यांचा बी. एम. आय. भरतो २६.७. म्हणजे भारतीय मोजपट्टीने त्या स्थूल. पण वजन उतरवण्याच्या या औषधांचा परवाना आहे तो ३० च्या पुढच्यांसाठी, किंवा २७ च्या पुढे असून सोबत एखादा आजार असणाऱ्यांसाठी. एका पट्टीने रोगी, दुसरीने नाही. डॉक्टरांनी हे लपवले नाही. “तुमच्या बाबतीत हा परवान्याच्या चौकटीबाहेरचा वापर ठरेल. देता येईल, पण का देतो ते आपण दोघांनी नीट ठरवू,” असे ते म्हणाले. मला हे डॉक्टर तेव्हाच आवडले.

औषधाची मूळ कथा एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. आपण जेवलो की आतड्यातून जी. एल. पी.-१ नावाचा एक स्राव रक्तात येतो. तो स्वादुपिंडाला म्हणतो, साखर आली, इन्सुलिन सोड. जठराला म्हणतो, सावकाश. आणि मेंदूला म्हणतो, पुरे. पण हा निरोप्या दोन-चार मिनिटांत नाहीसा होतो. पुढे १९९२ साली अमेरिकेत डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर नावाच्या वाळवंटी, विषारी सरड्याच्या लाळेत याच स्रावाचा एक भाऊबंद सापडला, आणि तो बराच टिकाऊ होता. त्यावरून बनलेले पहिले मधुमेहाचे औषध अमेरिकेत २००५ साली बाजारात आले. डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीने मग स्वतंत्र वाटेने असा रेणू घडवला की तो आठवडाभर अंगात राहावा. हेच सेमाग्लुटाइड. मधुमेहासाठी ओझेम्पिक या नावाने त्याला अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, वजनासाठी वेगोव्ही या नावाने २०२१ च्या जूनमध्ये. भारतात वेगोव्ही २०२५ च्या जूनमध्ये आले. त्याच्या आधी तीन महिने दुसऱ्या कंपनीचे मौंजारो, म्हणजे टिर्झेपाटाइड, येऊन ठेपले होते.

जाऊबाईंना याचा अनुभव कसा आला ते त्यांच्याच शब्दांत सांगते. “अगं, पूर्वी दुपारचे चार वाजले की ड्रॉवरमधली खारी मला हाक मारायची. कामात असले तरी कानाशी भुणभुण चालूच. आता डबा आहे तिथेच आहे, पण तो गप्प बसलाय.” वैद्यकीय पुस्तकांत पाने भरून जे लिहितात ते याहून निराळे नाही. ज्यांच्या डोक्यात ही भुणभुण कधी नसतेच त्यांना तिची कल्पना येत नाही, आणि असेच लोक ‘जरा तोंडावर ताबा ठेवा’ असा उपदेश करण्यात पुढे असतात. आमच्या घरी हे काम आमचे ‘हे’ करतात. त्यांना जन्मात भूक लागल्याचे आठवत नाही. घड्याळ पाहून जेवतात.

आता ‘थोडेसेच’ या शब्दाकडे वळू. वेगोव्हीची पूर्ण मात्रा आठवड्याला २.४ मिलिग्रॅम. तिथवर पोहोचण्यासाठी पहिले चार आठवडे ०.२५, मग ०.५, मग १, मग १.७ अशा पायऱ्या चढतात. पहिली पायरी ही वजन उतरवण्यासाठी नव्हे, पोटाला सवय व्हावी म्हणून असते. पण पुष्कळ माणसे पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच बैठक मारतात. कुणाला पैसे परवडत नाहीत, कुणाला मळमळ सोसत नाही, आणि कुणाला उतरवायचेच असतात चार-पाच किलो.

या लहान मात्रेचा काही उपयोग होतो का? ज्यांचे वजन थोडेच वाढले आहे अशा लोकांवर पायरीखालच्या मात्रेची मोठी, पक्की चाचणी झालेली नाही. जे आहे ते आसपासचे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्थूल व्यक्तींना रोज निरनिराळ्या मात्रेत सेमाग्लुटाइड दिले. सर्वांत लहान मात्रा रोज ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला साधारण पाव आणि अर्धा यांच्या मध्ये. वर्षभरात त्या गटाचे वजन सरासरी ६ टक्क्यांनी उतरले. नुसते पाणी टोचलेल्यांचे २.३ टक्क्यांनी, आणि सर्वांत मोठ्या मात्रेचे १३.८ टक्क्यांनी. मधुमेह्यांच्या एका चाचणीत आठवड्याला ०.५ घेणाऱ्यांचे तीस आठवड्यांत सरासरी ३.७ किलो कमी झाले. तेव्हा लहान मात्रा म्हणजे अंगारा-धुपारा नव्हे. पण पहिल्या चाचणीतली माणसे शंभर किलोंच्या आगेमागेची होती, आणि ६४ किलोंचे ६ टक्के म्हणजे चार किलोसुद्धा होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय २०२३ साली ज्या चाचणीने हृदयविकाराच्या रुग्णांत झटका, पक्षाघात व हृदयमृत्यू यांचे प्रमाण वीस टक्क्यांनी घटल्याचे दाखवले, ती पूर्ण २.४ च्या मात्रेची होती, आणि तिच्यातील सतरा हजारांवर माणसे आधीच हृदयरोगी होती. त्या पुण्याचा वाटा पाव मिलिग्रॅमवाल्यांनी मागू नये.

आमच्या सासूबाईंचा या प्रकाराला विरोध होता, आणि तो मला अडाणीपणाचा वाटत नाही. बारीक होण्याच्या औषधांचा इतिहासच तसा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचे रसायन विकले जाई. माणसे बारीक होत, काहींना मोतीबिंदू होई आणि काही अंगाच्या तापाने मरत. पन्नास-साठच्या दशकांत अँफेटामीनच्या रंगीबेरंगी गोळ्या आल्या. फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून १९९७ मध्ये काढून घ्यावे लागले, रिमोनाबांट मानसिक त्रासापायी २००८ मध्ये युरोपातून गेले, सिब्युट्रामीनवर आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली. प्रत्येकाच्या स्वागताला तुतारी वाजली होती. या नव्या कुळाची गोष्ट एवढ्यापुरती वेगळी की मधुमेह्यांत ते वीस वर्षे वापरात आहे, आणि त्याचे गुणदोष बरेचसे उजेडात आहेत. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे नेहमीचे. पित्ताशयात खडे क्वचित, स्वादुपिंडाला सूज त्याहून क्वचित. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग असेल तर हे औषध घेऊच नये. बाळ हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावे. कसलीही शस्त्रक्रिया असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण पोट सावकाश रिकामे होते.

जाऊबाईंना पहिल्या महिन्यात मळमळले. संकष्टीला साबुदाणावडे खाल्ले आणि रात्रभर जागल्या. तेव्हापासून तळलेले कमी झाले, ते उपदेशाने नव्हे, भीतीने. पण सासूबाई म्हणाल्या, “खाल्लं नाही तर अंगात त्राण कुठून येणार?” आणि गंमत अशी की पुढच्या भेटीत डॉक्टरांनी हेच सांगितले, फक्त शब्द वेगळे होते.

कारण वजन उतरते तेव्हा नुसती चरबी उतरत नाही. चाचण्यांत असे दिसले आहे की गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा, काही ठिकाणी त्याहून बराच अधिक, स्नायू आणि इतर चरबीविरहित भागाचा असतो. शंभर किलोंच्या माणसाला हे एक वेळ चालेल. पण आपण, म्हणजे डॉ. याज्ञिकांच्या छायाचित्रातले आपण, मुळातच स्नायूंचे दरिद्री. त्यातून चाळिशी उलटलेली. पाच किलोंपैकी दीड किलो स्नायू गेले आणि पुढे औषध थांबल्यावर पाचही किलो चरबीच्या रूपाने परत आले, तर काट्यावर माणूस तिथल्या तिथे आणि आतून पूर्वीपेक्षा वाईट. माझ्या मते थोड्या वजनासाठी औषध घेणाऱ्याने सर्वांत जास्त भ्यायचे ते याला, मळमळीला नव्हे. म्हणून भूक कमी असताना ताटात आधी काय खायचे याला महत्त्व येते. आपल्या जेवणात पोळी-भात पोट भरतात आणि वरण वाटीच्या तळाशी राहते. क्रम उलटा करावा. मटकीची उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, खाणाऱ्यांनी अंडी-मासे, हे आधी. वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ग्रॅम तरी प्रथिने. आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असे काही. खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणे-बसणे हे सुद्धा सुरुवातीला पुरते. करून पाहावे, पंधरा ही संख्या किती मोठी आहे ते कळते.

थांबवल्यावर काय, हा खरा प्रश्न. वर उल्लेखलेली पूर्ण मात्रा ६८ आठवडे घेऊन ज्यांचे वजन सरासरी १७ टक्के उतरले होते, त्यांचे औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत आले. रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब चढतो, तसेच हे. ज्याला आपण कोर्स म्हणतो तसा हा प्रकार नव्हे. मग पाच किलोंसाठी जन्मभर सुई? भावोजींनी हा प्रश्न पैशांत विचारला. मौंजारो आले तेव्हा, २०२५ च्या मार्चमध्ये, सर्वांत लहान मात्रेची कुपी साडेतीन हजारांची होती; महिन्याचे चौदा हजार. पुढे २०२६ च्या मार्चमध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत सरली आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. स्वस्ताई ही चांगलीच गोष्ट. ज्यांना खरी गरज आहे त्यांना ते मिळाले पाहिजे. पण स्वस्त झाले की गरज नसणाऱ्यांनाही ते हवेसे वाटते, हेही तितकेच खरे.

उदाहरणार्थ, आमच्या कॉलेजातली एक तरुण सहकारी. बी. एम. आय. २२, साखर उत्तम, घेर मर्यादेत. भावाच्या लग्नापूर्वी चार किलो कमी करायचे म्हणून मैत्रिणीच्या पेनातून उरलेले ‘दोन-चार टिचक्या’ औषध घेण्याचा तिचा बेत होता. तिला मी स्पष्ट सांगितले की हे करू नकोस. दुसऱ्याने टोचलेले पेन, सुई बदलली तरी, रक्तातून पसरणारे रोग देऊ शकते. एकवेळची कुपी दोनदा वापरणे तितकेच वाईट, कारण तिच्यात जंतू रोखणारे द्रव्य नसते. ओळखीच्या ओळखीने आणलेल्या मालाची तर बातच नको. बनावट सेमाग्लुटाइडविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या जूनमध्ये जाहीर इशारा दिला आहे. पण हे सारे बाजूला ठेवले तरी मूळ मुद्दा राहतोच. तिला आजार नाही आणि उंबरठाही नाही; तिला फक्त साडी चापूनचोपून बसायला हवी आहे. तेवढ्यासाठी चांगला शिंपी पुरे.

जाऊबाईंचे तसे नव्हते. तरीही औषधाच्या आधी त्यांनी काही केले होते का, हे मी विचारून घेतले होते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली दाखवून दिले आहे की उंबरठ्यावरच्या भारतीयांनी आहार आणि चालणे सुधारले तर मधुमेहाची शक्यता २८.५ टक्क्यांनी घटते, आणि तेही वजन फारसे न उतरता. जाऊबाई वर्षभर रोज पाऊण तास चालल्या होत्या. साखर ६.२ वरून ६.१ वर आली, घेर तसाच. त्यानंतरच त्या डॉक्टरांकडे गेल्या. अशा बाईला ‘शॉर्टकट घेतलास’ म्हणणाऱ्यांना चालण्याचा अनुभव नसावा.

सहा महिने झाले. चार आठवडे पाव मिलिग्रॅम, पुढे अर्धा, आणि त्यापुढे पायरी चढलेली नाही. वजन ५९.५, घेर ८३, साखर ५.८. घेर अजून मर्यादेबाहेर आहे आणि साखर अजून उंबरठ्याच्या आत आलेली नाही. तरी झोप लागते. दर रविवारी सकाळी इंजेक्शन, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवारी दोन-दोन किलोंची डंबेल्स. पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. डॉक्टरांचा विचार असा की त्यानंतर औषध थांबवावे, तीन महिने व्यायाम आणि खाणे तसेच ठेवावे आणि पाहावे. वजन दोन किलोंपेक्षा अधिक वाढले किंवा साखर पुन्हा सहाच्या पुढे गेली तर अर्धा मिलिग्रॅम परत सुरू करावयाचे की एखादी जुनी, स्वस्त गोळी द्यावयाची, ते तेव्हा ठरेल. जाऊबाईंना थांबवण्याची धास्ती वाटते. भावोजींना चालू ठेवण्याची. दोघांनी आपापले प्रश्न एकाच कागदावर लिहून तो रिपोर्टांच्या फायलीत ठेवला आहे.